लाडीला तिसरी हाक

माझ्या बापाला खोटं बोलता येत नाही. मला येतं. सहा वर्षं नोकरी केल्यावर तर चांगलंच येतं. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी दोन खोटी आहेत. एक पहिल्याच दिवशी उघडं पडलं, दुसरं अजून चालू आहे.

मी मिना राठोड, वनरक्षक. सिद्धेश्वर धरणाच्या अंगाचं जंगल, आमच्या खात्याच्या भाषेत बीट, माझ्याकडे आहे. जंगल म्हणायचं एवढंच. साग, पळस, थोडा धावडा आणि मधे मधे लोकांच्या शेळ्या. बापाचं नाव थावरा. आमचा तांडा सेनगावपासून जीपने अर्ध्या तासावर. आमच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवरून मीठ वाहिलं, आता आम्ही सोयाबीन आणि तूर करतो. घरात आम्ही आमची गोरमाटी बोलतो, पण सगळ्यांना कळावं म्हणून घरातलं बोलणंही इथे मराठीतच सांगते. बापाचं शेतात कधी मन लागलं नाही. त्याला बाजार लागायचा, भोवती माणसांचं कोंडाळं लागायचं आणि मधोमध लाडी.

लाडी म्हणजे माकडीण. मी चौदा वर्षांची असताना तांड्याच्या विजेच्या डीपीवर एक माकडीण चिकटून मेली. तिचं पिल्लू बाजूला पडून ओरडत होतं. आईला आम्ही याडी म्हणतो. माझ्या याडीने, मोतीबाईने, ते पिल्लू पदरात घेतलं आणि कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं. आठ दिवसांत ते याडीच्या कमरेवरून खाली उतरेना. बापाने तिचं नाव लाडी ठेवलं. आमच्यात नव्या नवरीला लाडी म्हणतात.

त्या वर्षी आईबाप ऊसतोडीला गेले तेव्हा लाडीही गेली. तोडकऱ्यांच्या कोप्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, एक म्हातारा मदारी उतरला होता. त्याचं माकड मेलेलं, हात रिकामे. त्याने एका हंगामात बापाला डुगडुगी वाजवायला शिकवली आणि लाडीला खेळ शिकवला. त्यानेच सांगितलं की हिचे सुळे काढ, नाहीतर उद्या बाजारात कुणाच्या तरी लेकराला फाडील. बापाने तिला धरलं आणि मदाऱ्याने पकडीने चारी सुळे काढले. त्यानंतर दोन दिवस बाप जेवला नव्हता असं याडी सांगते. त्याच्या न जेवण्याने सुळे काही परत आले नाहीत.

खेळ साधाच होता. याडीने लाडीला आरसे लावलेला घागरा शिवला होता, आमच्या बायकांचा असतो तसाच, फक्त वीतभर. आधी लाडी भाकरी थापायची, मग आरशात बघून नटायची, मग कोंडाळ्यात कुणी पोलीस किंवा कंडक्टर, थोडक्यात खाकीतला माणूस दिसला की त्याला कडक सलाम ठोकायची. शेवटी नवराबायकोचं भांडण. लाडी रुसायची, काठीला गाठोडं अडकवून खांद्यावर टाकायची आणि दोन पायांवर ताठ चालत माहेरी निघायची. दहा पावलांवर जाऊन पाठ करून बसायची. बाप पहिली हाक मारायचा, "लाडी, चल." लाडी ढिम्म. दुसरी हाक, "लाडी, भाकर गार होऊन राहिली." लाडी मान फिरवायची आणि लोक हसायचे. मग बाप गुडघ्यावर बसून, डोक्याचा रुमाल काढून तिसरी हाक मारायचा, "लाडी, माझी चूक झाली. चल घरी." त्याबरोबर लाडी गाठोडं टाकून पळत येऊन त्याच्या गळ्यात पडायची. बायका डोळे पुसायच्या. त्यांच्या नवऱ्यांनी ते वाक्य जन्मात म्हटलेलं नसणार.

मी भरती झाले आणि प्रशिक्षणात कायदा शिकले. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह, यांना खेळासाठी शिकवायचं नाही आणि लोकांपुढे नाचवायचं नाही. वर्गात सगळ्यांनी ते वहीत उतरवलं. मीही उतरवलं, पण मान वर करायची मला लाज वाटली. घरी येऊन बापाला सांगितलं की आता पुरे. तो म्हणाला की मी काय तिला मारतो का. मी तिच्या मानेवरचा दोरीचा वण दाखवला. मग त्याने माझ्यासमोर डुगडुगी आढ्याला टांगली आणि खेळ बंद म्हणून सांगितलं.

लाडी तेवढी घरात राहिली. तेही कायद्यात बसत नव्हतं, पण तिला घराबाहेर काढायचं माझ्याने झालं नाही. मी सुट्टीवर वर्दीतच घरी जायचे, कारण बापाला ते आवडायचं. मी अंगणात पाय ठेवला की तो ओरडायचा, "लाडी, बाईसाब आल्या." लाडी असेल तिथून धावत यायची, पुढ्यात उभी राहून सलाम करायची, आणि मी शर्टाच्या उजव्या खिशातून शेंगदाणे काढून द्यायचे. हे पाच वर्षं चाललं. खरं सांगायचं तर माझ्या वर्दीला मनापासून सलाम करणारी तेवढी एकच होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या वनाधिकारी साहेबांनी मला बोलावून मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. शिरड शहापूरचा बाजार, कोंडाळं, आरशांचा घागरा. हिंगोलीच्या नचिकेत नावाच्या एका मुलाने तो काढून तक्रार केली होती. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तरी त्याला दोन कानाखाली द्याव्यात असं मला वाटलं. बाप महिन्यातून एकदा, मी कामावर असताना, लपून जातच होता. नंतर विचारलं तर म्हणाला, बाजाराच्या दिवशी ती सकाळीच गाठोडं घेऊन दारात बसते, मग मी तरी काय करू.

साहेब भले माणूस. झडतीला तू येऊ नको म्हणाले. मी म्हटलं, मी आले तर बाप शांत राहील. आणि ऑफिसमधून बाहेर पडून पहिलं काम काय केलं, तर बापाला फोन. उद्या सकाळी आम्ही येतोय, लाडीला मागे कोठीत कोंड, विचारलं तर सहा महिन्यांपूर्वी पळून गेली म्हण. हे माझं पहिलं खोटं. ते मी बापाच्या तोंडात घातलं.

सकाळी आम्ही चौघं गेलो. माझ्याबरोबर कुलदीप होता, तोही वनरक्षक, माझ्याच बॅचचा. बाप अंगणात उभा होता आणि त्याचा चेहरा बघूनच कुणालाही कळलं असतं. साहेबांनी विचारलं, तो जमिनीकडे बघून म्हणाला की पळून गेली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. घर बघून झालं, कोठीला बाहेरून कडी होती आणि साहेबांनी ती उघडायला सांगितली नाही. मला वाटतं त्यांना ती उघडायचीच नव्हती. ते जीपकडे वळले.

तेवढ्यात कोठीची दोन कौलं सरकली. लाडीने वरून वाकून पाहिलं. अंगणात चार खाकी, आणि त्यांत मी. तिला आमचं ठरलेलं कसं कळणार? ती भिंतीवरून उतरली, बाकी तिघांना ओलांडून सरळ माझ्यापुढे आली, ताठ उभी राहिली आणि सलाम ठोकला. मग हात पुढे करून थांबली.

 माझ्या उजव्या खिशात सवयीने शेंगदाणे होते. मी ते दिले. तिने एकेक सोलून खाल्ला आणि तेवढ्या वेळात कुलदीपने पिंजरा आणला. बाप म्हणाला, "पकडायची काहून तकलीफ करता, मी सांगतो तिला." त्याने सांगितलं आणि ती आत जाऊन बसली. घागरा, डुगडुगी, काठी आणि दोरी मुद्देमाल म्हणून गेले. पंचनाम्यावर बापाने अंगठा दिला. माझ्या खोट्याबद्दल साहेबांनी एक शब्द विचारला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

जनावरांच्या डॉक्टरांनी लाडीला तपासलं. तोंड उघडून बघितलं आणि सांगितलं की हिला सुळे नाहीत, टोळीत ही स्वतःला वाचवू शकणार नाही, जन्म माणसात गेलाय, हिला प्राण्यांच्या बचाव केंद्रात पाठवा. केंद्र म्हणजे दूर, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पिंजरा मोठा असतो, खाणंपिणं वेळेवर असतं, पण पिंजरा तो पिंजराच. हे ऐकून बापाने माझा हात धरला. तिला तुरुंगात टाकू नका, तिने काय केलं, मला टाका, असं तो म्हणत राहिला.

मग मी साहेबांच्या मागे लागले. धरणाच्या वर माकडांची टोळी आहे, पाणी आहे, उंबर आहेत, बीट माझं आहे, मी रोज नजर ठेवीन. डॉक्टर नको म्हणत होते. मी तावातावाने म्हटलं की तुम्ही टेबलावरून बोलता, मी जंगलात फिरते. मला राग आला की माझं बोलणं धारदार होतं आणि लोकांना ते खरं वाटतं. साहेबांनी कोर्टाची परवानगी काढली आणि लाडीला जंगलात सोडायचं ठरलं. हे मी केलं. यात दुसऱ्या कुणाचा हात नाही.

सोडायच्या दिवशी बापाला येऊ दिलं, कारण त्याच्याशिवाय ती पिंजऱ्याबाहेर येत नव्हती. येताना जीपमध्ये मी त्याच्याकडून शब्द घेतला. ती गेली की हाक मारायची नाही. एकही नाही. हाक मारलीस तर ती परत येणार आणि मग तिला केंद्रातच जावं लागणार. बापाने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पिंजरा उघडला. लाडी बाहेर आली, आधी मला सलाम केला, मग इकडेतिकडे बघितलं. घागरा नव्हता. जमीन हुंगत तिने एक वाळकी काटकी उचलली, खांद्यावर टाकली आणि दोन पायांवर ताठ चालायला लागली. दहा पावलांवर सागाचं झाड होतं. त्याच्याखाली ती पाठ करून बसली.

कुलदीप आधी हसला आणि मग त्याने तोंड दुसरीकडे केलं. बापाने डोक्याचा रुमाल काढून तोंडात कोंबला होता. लाडी बसली होती. थोड्या वेळाने तिने मान तिरपी करून मागे पाहिलं, खेळात दुसऱ्या हाकेला करायची तशी, आणि पुन्हा पुढे बघत बसली. पहिली हाकच आली नव्हती.  मी त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. जीप वळली तरी ती तिथेच होती.

पहिले काही दिवस मी लांबून बघायचे. टोळी उंबरावर असायची आणि लाडी सागाखाली. टोळी तिला जवळ येऊ देत नव्हती. मी दिसले की ती उठून उभी राहायची आणि सलाम करायची. जनावराला खाऊ घालायचं नाही, ओळख दाखवायची नाही, हा नियम मीच कुलदीपला बजावला होता. मी पाठ फिरवायचे. रोज शर्टाचा उजवा खिसा मी घरातूनच रिकामा करून निघायचे.

बाप फोनवर रोज विचारायचा. मी सांगायचे की टोळीत गेली, झाडावर असते, दिसत नाही. हे दुसऱ्या खोट्याचं पहिलं टोक. तो म्हणायचा, "बराबर झालं मग. तिचं तिला भेटलं." आणि फोन ठेवायचा नाही. नुसता श्वास ऐकू येत राहायचा.

एकविसाव्या दिवशी लाडीच्या खांद्यावर चावा दिसला. एक कान फाटलेला. ती उभी राहिली, पण सलामाला हात कपाळापर्यंत गेला नाही. त्याच क्षणी मी तिला उचलायला हवं होतं. निदान त्याच दिवशी साहेबांना फोन करून म्हणायला हवं होतं की डॉक्टर बरोबर होते, मी चुकले, गाडी पाठवा. पण एवढं तावातावाने बोललेली बाई मी. आज बघू, उद्या बघू, जखम सुकेल. ते एक वाक्य तोंडातून निघायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना फोन लावत होते तेव्हा कुलदीपचा फोन आला. तो म्हणाला, "मिनाताई, सागापाशी ये. घाई करू नको."

पंचनामा मीच लिहिला. मृत माकड, मादी, वय अंदाजे अकरा वर्षे, चारही सुळे नाहीत, मानेभोवती दोरीचा जुना वण, अंगावर चाव्याच्या जखमा. एका हाताच्या मुठीत वाळकी काटकी होती. ती मी लिहिली नाही. डॉक्टर आले होते, ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. नियमाप्रमाणे तिथेच जाळलं. मी रडले नाही, वर्दीत होते. घरी येऊन शर्ट खुंटीला टांगला आणि मग त्या शर्टाला धरून रडले.

बापाला सांगायचं होतं. रोज ठरवायचे. याडीला मात्र कळलं. सुट्टीला गेले तेव्हा ती माझा शर्ट धुवायला घेऊन बसली. उजव्या खिशात हात घातला, शेंगदाण्याचं एक साल नाही की पापुद्रा नाही. मी लाडीला जंगलातही शेंगदाणे नेतच असणार असं तिने धरलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं. तिने शर्ट तसाच बादलीत सोडला आणि हळूच एवढंच म्हणाली, "त्याला आता नको सांगू. तूर निघू दे." तूर निघाली, पाऊस पडून सोयाबीनही पेरून झालं. मी सांगितलं नाही.

मग बाप स्वतःच आला. न सांगता, एसटीने, शिरड शहापूरच्या बाजाराच्या दिवशी. म्हणाला, आता ती टोळीत रुळली, आता माझ्या हाकेने काय बिघडतंय, एकदा नुसती बघतो. माझ्या जिभेवर होतं की बापू, बस, तुला सांगायचंय. पण त्याच्या हातात कागदाची पुडी होती आणि तो धुतलेलं धोतर नेसला होता. बाजाराला जाताना नेसायचा तेच.

आम्ही सागापाशी गेलो. जाळल्याची जागा पावसाने धुऊन गवत आलं होतं. बाप बरोबर त्याच जागी उभा राहिला जिथे पिंजरा उघडला होता. त्याने पहिली हाक मारली. थांबला. दुसरी मारली. उंबरावरची माकडं त्याच्याकडे बघायला लागली. मग त्याने रुमाल काढला, गुडघ्यावर बसला आणि तिसरी हाक मारली. आवाज धरणाच्या पाण्यापर्यंत गेला असेल. कुणी आलं नाही.

मला वाटलं आता त्याला कळेल आणि माझी सुटका होईल. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"रुसली," तो म्हणाला. "त्या दिशी म्या हाक मारली न्हाई ना. बसली बिचारी वाट बघत. रुसली म्हंजे इथंच हाय कुठंतरी, मला बघून राहिली."

मी म्हटलं, "व्हय बापू. रुसली असंल."

तो पुन्हा झाडांकडे बघत राहिला. मग माझ्या वर्दीकडे बघून म्हणाला, "तू मार एक. तुझी खाकी वळखती ती. तिसरीच मार, पहिल्या दोनला ती येत न्हाई."

मी नको म्हटलं. माझा घसा बसलाय म्हटलं. तो ऐकेना. लहान लेकराला समजवावं तसा माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

मी टोपी काढली. गुडघ्यावर बसले. ती जिवंत होती, दहा पावलांवर, रोज माझ्यापुढे उभी राहत होती, तेव्हा मारली असती तर ती धावत आली असती, ती हाक मी आत्ता मारली.

"लाडी, माझी चूक झाली. चल घरी."

बाप कान देऊन ऐकत होता.  शेवटी त्याने पुडी उघडली, शेंगदाणे सागाच्या बुडाशी, त्या गवतावर नीट पसरून ठेवले आणि म्हणाला की तुझा आवाज बराबर लागला, पुढच्या बाजाराला परत येऊ. मी व्हय म्हटलं. तेव्हापासून आम्ही दर बाजाराला जातो. पहिल्या दोन हाका तो मारतो आणि तिसरी मी.